डिप्रेसिव्ह ब्लॅक आणि डूम मेटल: खरं दुःख कुठलं आणि साच्यातलं कुठलं?

निशाचर_ठाणे:

बँडकॅम्पवर, म्हणजे बँड आपलं संगीत विकतात त्या साइटवर, डीएसबीएमचा टॅग उघडा आणि डोळे मिटून कुठलेही चारपाच अल्बम लावा. कव्हरवर पानं झडलेलं काळंपांढरं जंगल, वाचता न येणारा लोगो, सुरुवातीला पाऊस नाहीतर कावळे, मग क्लीन गिटारवर मायनर कॉर्ड सुटी सुटी करून वाजवलेली, मग डिस्टॉर्शन, ट्रेमोलो पिकिंग (एकच सूर भराभर छेडत राहणं), मागे ड्रम मशीनचा तोच तो ठोका, रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमणाऱ्या प्रतिध्वनीत, बुडालेलं किंचाळणं आणि शेवटी परत पाऊस. दुःख ज्याचं त्याचं असेल पण माल सगळ्यांनी एकाच दुकानातून उचललाय असं वाटतं. टवाळी नाही करत, मी स्वतः कॉलेजपासून हेच ऐकत आलोय आणि म्हणूनच चिडचिड होते.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी: ब्लॅक मेटलचा कर्कशपणा तसाच ठेवून सैतानाच्या जागी नैराश्य, एकटेपणा, स्वतःचा तिटकारा आणला की डिप्रेसिव्ह (सुसायडल) ब्लॅक मेटल, म्हणजे डीएसबीएम. डूम म्हणजे संथ, जड, खाली ट्यून केलेल्या गिटारींचं. फ्युनरल डूम त्याहून संथ, दोन ठोक्यांच्या मधे व्हॉट्सॅप बघून होतं.

आता नॉर्वेच्या बर्झमचा, म्हणजे वर्ग विकर्नेस या एकट्या माणसाच्या बँडचा, फिलोसोफेम अल्बम घ्या. रेकॉर्डिंग मार्च १९९३, बाजारात आला १९९६ मध्ये. माणूस खुनी आहे, चर्च जाळल्याबद्दल शिक्षा भोगलेला आहे, विचार वर्णद्वेषी आहेत, त्यावर इथे वेगळा वाद नको, माझे पैसे त्याला कधी गेलेले नाहीत. पण कानाला काय ऐकू येतं ते बघा. गिटारचा अँप वापरलाच नाही, भावाच्या घरच्या स्टिरिओला जुनी फझ पेडलं (आवाज खरखरीत करणारी) लावून वाजवली. गाण्यासाठी स्टुडिओतला सगळ्यात भिकार माइक मागितला तर हेडसेटचा मिळाला, तोच वापरला. त्यातून तो चरचरीत, लांबून कुठून तरी येणारा आवाज झाला. त्या वेळी असं कोणी मागत नव्हतं, लोक चांगला माइक मागायचे. आज तोच आवाज कॉम्प्युटरवर प्लगइनच्या प्रीसेटमध्ये तयार मिळतो आणि ज्याला काही ठरवायचंच नाहीये तोही तो लावतो.

किंवा जर्मनीचा बँड बेथलेहेम, त्यांचा १९९६ चा अल्बम डिक्टियस ते नेकारे. त्यावरचं गाणं, म्हणजे ओरडणं, कुजबुजणं, हुंदके, मधेच भलतंच हसणं, हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. पुढच्या अल्बमला गायक बदलला आणि तो प्रकार गेला तो गेलाच. त्यानंतर किती जणांनी तसं ओरडायचा प्रयत्न केलाय, पण ते नक्कल करतायत हे दोन मिनिटांत कळतं.

तर माझा प्रश्न असा की साचा वापरला म्हणजे भावना खोटी झाली का? एखादा पोरगा खरंच वाईट अवस्थेत असेल आणि त्याला जे येतं ते एवढंच असेल तर? मला विचाराल तर खरेपणा रेकॉर्डच्या बाहेर शोधूच नये. कोण किती आजारी होता, कोणी अंगावर काय करून घेतलं, या कहाण्यांनी काही सिद्ध होत नाही. जे आहे ते रेकॉर्डमध्ये ऐकू आलं पाहिजे, नाहीतर नाहीच. बोला.

पाणीपुरी_विदाउट_पुरी:

भाबडा प्रश्न. यातले शब्द गाणाऱ्याच्या आईलाही कळत नसतील, मग खरं दुःख की खोटं हे तुम्हाला कशावरून कळतं? मला तर सगळे सारखेच चिडलेले वाटतात.

जुनाखोंड:

अरे बाळांनो, तुम्ही सगळे १९९० च्या पुढूनच का सुरू करता? मुंबईच्या रंगभवनला आय-रॉक हा रॉकचा महोत्सव बघत मोठा झालेला माणूस आहे मी, तेव्हा आमच्याकडे डूम हे नावही नव्हतं, ब्लॅक सॅबथ होतं. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी १७ वर्षांचा, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस, मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या मास्टर ऑफ रिअॅलिटीला गिटार तीन सेमीटोन खाली उतरवली म्हणजे तारा सैल पडतात आणि दाबायला कमी त्रास. अख्ख्या डूमचा जडपणा तिथून आलाय. मनातून नाही आला, बोटांतून आला. त्या चौघांपैकी कोणी म्हणालं नाही की आम्ही आता दुःखी संगीत करतो. त्यांना भुताच्या सिनेमासारखी गाणी करायची होती आणि पैसे हवे होते.

तेव्हा 'सिन्सिअर होता का' हा प्रश्नच मला पोरकट वाटतो. वाजवता येतं का ते विचार.

निशाचर_ठाणे:

काका, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय आणि मला पोरकट म्हणताय :)

गोट्या_गोठेनबर्ग:

स्वीडनमधून हजर. असलं संगीत करणारे बँड इथे भरपूर आहेत म्हणून लिहितो.

आपल्याकडे एक समज आहे की नॉर्वे स्वीडनला हिवाळ्यात अंधार म्हणून तिथले लोक असलं संगीत करतात. डिसेंबरात इथे साडेतीनच्या आत सूर्य मावळतो हे खरं आणि पहिल्या वर्षी मी पार झोपलो होतो हेही खरं. पण इथले लोक अंधाराला फार व्यवस्थित तोंड देतात हो. प्रत्येक खिडकीत कागदी चांदणी आणि दिवे, ऑफिसात मेणबत्त्या, ठरलेल्या वेळेला कॉफी आणि बन. जंगलात जाऊन किंचाळणारा मला अजून भेटायचाय. मुलांना गावोगावी पालिकेच्या संगीतशाळा आहेत, फी मामुली, त्यामुळे गिटार ड्रम हातात लवकर येतात. एवढ्याशा देशात इतके बँड कसे याचं उत्तर मला अंधारापेक्षा या संगीतशाळांत जास्त दिसतं.

आणि शायनिंग या इथल्या बँडचा २००७ चा अल्बम आहे ना, हाल्मस्टाड नावाचा, ऐकून वाटेल काय भकास गाव असेल. ते इथून दक्षिणेला समुद्रकाठी आहे. उन्हाळ्यात लोक तिथे पोहायला आणि गोल्फ खेळायला जातात, आईस्क्रीमला रांग. त्यांचा गायक क्वारफोर्थ त्या गावचा. मला तर उलट यामुळे तो अल्बम जास्त पटला. बीचच्या गावात उन्हाळाभर सगळे मजेत आणि तुम्ही नाही, हे बर्फातल्या दुःखापेक्षा वाईट.

बाकी तो माणूस म्हणजे निव्वळ नाटक. २००६ मध्ये गायब झाला, मेला अशी बातमी पसरली, मग २००७ च्या फेब्रुवारीत त्याच हाल्मस्टाडच्या कॉन्सर्टमध्ये 'घूल' नावाचा नवा गायक स्टेजवर आला तर तो हाच! आता यात खरं काय आणि जाहिरात काय? पण अल्बम चांगला आहे. गिटार सोलो ऐका, ब्लॅक मेटलमध्ये इतकं सुरेल आणि निवांत कोणी वाजवत नाही.

कोलाहल:

निशाचर, तुझ्या मुद्द्याला अनुमोदन पण तू तो फार सभ्यपणे मांडलास. मी असभ्यपणे मांडते.

या प्रकाराच्या श्रोत्यांना पुरावा लागतो. रक्ताचा पुरावा. सायलेन्सर बँडचं उदाहरण घ्या. आख्ख्या कारकिर्दीत एक अल्बम, २००१ चा डेथ पिअर्स मी. गायकाचा एक फोटो, हाताच्या जागी डुकराचे पाय. त्या एका फोटोवर इंटरनेटने काय काय रचलं, हात कापले म्हणे, इस्पितळातून पळाला म्हणे, अमुक केलं तमुक केलं. वीस वर्षं झाली, अजून यूट्यूबच्या कमेंटमध्ये तेच. आणि अल्बमबद्दल कोण बोलतं? त्यात पियानो कसा आहे, पहिल्या गाण्यात क्लीन गिटार किती वेळ तोल धरून ठेवते आणि मग तो आवाज येतो तेव्हा तो आवाज का घाबरवतो, याबद्दल चार ओळी कोणी लिहीत नाही. लोकांना माणूस वेडा हवाय, गाणं चांगलं असलं नसलं तरी चालेल.

मला सगळ्यात राग आला तो लाइफलव्हर या स्वीडिश बँडच्या वेळी. हा बँड मला या सगळ्या घोळक्यात सगळ्यात अस्सल वाटतो. त्यांचा अल्बम पल्व्हर, २००६. त्यात पॉपच्या चाली आहेत, बालवाडीतल्यासारखा पियानो आहे, मधेच खुसखुसणं, मधेच कोणाचं तरी बरळणं. शहरातलं दुःख आहे ते, भाड्याच्या खोलीतलं, गोळ्या खाऊन झोपायचं, सकाळी परत कामावर. जंगल नाही, चंद्र नाही. आणि विनोद आहे! खरंच खोल गर्तेतला माणूस मधेच घाणेरडा जोक मारतो, हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना माहीत असेल. साच्यातल्या बँडना विनोद परवडत नाही, त्यांना भीती असते की हसलो तर कोणी विश्वास ठेवणार नाही. तर त्यांच्यातला 'बी' नाव लावणारा, सगळं बहुतेक लिहिणारा, २०११ च्या सप्टेंबरमध्ये औषधांच्या ओव्हरडोसने गेला आणि बँड संपला. त्यानंतर मी कमेंट वाचल्या, 'ही वॉज द रिअल वन'. म्हणजे जिवंत होता तोवर पक्का नव्हता, मेला तेव्हा सर्टिफिकेट मिळालं. किळस आली. पल्व्हर आधीही तितकाच खरा होता, नाही का?

पाणीपुरी_विदाउट_पुरी:

बाप रे. मी फक्त शब्द कळत नाहीत म्हणालो होतो.

संपादक_मंडळ:

चर्चा छान चालू आहे, चालू द्या. एक विनंती: आत्महत्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याचे तपशील इथे लिहू नका. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला स्वतःलाच जड जात असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. धन्यवाद.

मम्मटाचा_मठ:

मेटल मला शून्य कळतं, मुलगा ऐकतो म्हणून धागा उघडला, पण तुम्ही जो वाद घालताय तो आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी घालून झालाय म्हणून राहवलं नाही.

क्रौंचाची जोडी, व्याधाने एकाला मारलं, वाल्मीकींच्या तोंडून श्लोक बाहेर पडला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. काव्यशास्त्रकार आनंदवर्धन म्हणतो शोकाचाच श्लोक झाला. आता वरवर याचा अर्थ असा की ऋषी दुःखी झाला आणि रडता रडता कविता केली. अभिनवगुप्त त्यावर टीका लिहिताना स्पष्ट बजावतो की हा शोक मुनीचा स्वतःचा समजू नका. तो स्वतःच शोकाने पोळलेला असता तर रस निर्माण झाला नसता, पोळलेला माणूस काव्य करण्याच्या स्थितीत नसतो. जो शोक काव्यात येतो तो कोणा एकाचा राहात नाही, तो सगळ्यांना चाखता येईल असा झालेला असतो, म्हणून त्याला करुण रस म्हणायचं, नुसता शोक नाही.

म्हणजे तुमच्या त्या स्वीडिश मुलाला खरंच किती दुःख होतं हा प्रश्न आपल्या काव्यशास्त्राने निकालातच काढलाय. वर त्या काकांनी बोटांचं जे लिहिलंय ते अभिनवगुप्ताला आवडलं असतं असं वाटतं.

निशाचर_ठाणे:

सर, हे भारी आहे, आणि याला मेटलमधलाच पुरावा देतो. कँडलमास, स्टॉकहोम, १९८६ चा एपिकस डूमिकस मेटॅलिकस. डूमचं बायबल म्हणा. पहिलंच गाणं एकटेपणा आणि मरणाची इच्छा, आणि तो आवाज, ऑपेरासारखा, थरथरत वर जाणारा, ऐकून काटा येतो. तो गायक योहान लेंगक्विस्ट बँडचा सभासदसुद्धा नव्हता! पाहुणा म्हणून बोलावला, गायला आणि गेला. शब्द बासिस्टचे. अल्बम तेव्हा खपला नाही, लेबलने बँडला काढून टाकलं. २०१८ मध्ये तो गायक परत आला हा वेगळा विषय. पण ३० वर्षं लोक ज्या आवाजावर रडले तो आवाज दुसऱ्याचं दुःख गात होता. याला खोटं म्हणायची हिंमत आहे कोणाची?

आणि हे घ्या दुसरं. फिनलंडचा थर्गोथॉन, फ्युनरल डूम ज्यांनी सुरू केला त्यातला अगदी पहिला. स्ट्रीम फ्रॉम द हेवन्स १९९४ मध्ये आला तोवर बँड मोडलेलाही होता. त्यांचा ड्रमर योरी स्योरोस पुढे काय झाला? पॉपचा निर्माता! पीएमएमपी म्हणून दोन बायकांचं पॉप, तिकडे रेडिओवर धो धो वाजलेलं, त्याची गाणी आणि निर्मिती या माणसाची. जगातलं सगळ्यात निराश, सगळ्यात संथ संगीत जन्माला घालणारा माणूस पुढे लोकांना नाचवतो. मग थर्गोथॉन खोटा का? मला नाही वाटत. तो अल्बम आजही तितकाच विचित्र आणि एकटा वाटतो, त्यांनी तो कोणाचं बघून केलेलाच नव्हता कारण बघायला फारसं काही नव्हतंच.

कोलाहल:

मम्मट सर, मला एक अडचण आहे. तुमच्या करुण रसात शेवटी आस्वाद आहे, रडूनही बरं वाटतं. डूमला हे लागू पडतं, शंभर टक्के. माय डाइंग ब्राइडचं व्हायोलिन असो की स्केप्टिसिझमचा ऑर्गन, स्केप्टिसिझमवाले सुटाबुटात स्टेजवर उभे राहून वाजवतात, २०१५ चा ऑर्डील अल्बम तर प्रेक्षकांसमोरच रेकॉर्ड केला, ते शोकाचा विधी करतायत आणि आपण त्यात बसतो. पण डिप्रेसिव्ह ब्लॅक मेटलला तुम्हाला बरं वाटायलाच नकोय. क्वारफोर्थने मुलाखतींमधून उघड सांगितलंय की ऐकणाऱ्याचं वाईट व्हावं हाच हेतू. इथे कोणी काही चाखायला देत नाहीये, तोंडावर थुंकतायत. मग याला रस म्हणायचं की अजून काही? अभिनवगुप्ताकडे याला खाना आहे का?

मम्मटाचा_मठ:

बीभत्स आहे, पण तुम्ही म्हणता ते त्यात बसत नाही. ऐकणाऱ्याचा द्वेष करणारा कवी त्यांच्या हिशेबात नव्हता. विचार करतो. मुलाकडून तो हाल्मस्टाड अल्बम मागितलाय.

जुनाखोंड:

सरांना एकदम तिथून सुरुवात करून देऊ नका रे, आधी सॅबथ ऐकवा.

गोट्या_गोठेनबर्ग:

काकांशी सहमत, पायऱ्या पायऱ्यांनी :D

पण निशाचर, तुझ्या नियमाला एक भोक आहे. रेकॉर्डच्या बाहेरचं काही बघायचं नाही म्हणतोस. बेल विचचा मिरर रीपर तुला आवडतो हे मला माहितीये, तूच मला पाठवलेलास. सिएटलचे दोघं, गिटार नाही, मुख्यतः बास आणि ड्रम्स, एकच गाणं ८३ मिनिटांचं, २०१७. त्यांचा आधीचा ड्रमर एड्रियन गेरा २०१६ मध्ये वारला आणि मागच्या अल्बमच्या वेळचा त्याचा न वापरलेला आवाज त्यांनी या गाण्याच्या मध्यावर घातला. हे माहीत असल्यावरच ती जागा अंगावर येते ना? ही बाहेरचीच माहिती झाली की.

निशाचर_ठाणे:

हो, माहिती असली की वेगळं ऐकू येतं, ते कोण नाकारतंय. पण त्यांनी काय केलं बघ. आवाज समोर आणून 'ऐका हो मेलेला मित्र' असं नाही केलं. पाऊण तास बास एकेक सूर सोडत राहतो, आधीचा सूर विरून जाईपर्यंत पुढचा येत नाही, आणि तुमचं कानाचं घड्याळ पार बिघडल्यावर तो आवाज येतो, लांबून, सुरांच्या खाली. ज्याला गेरा कोण हे माहीत नाही त्यालाही कळतं की इथे बाकीचं वाजवणं बाजूला झालंय, कोणासाठी तरी जागा केलीये. माझा मुद्दा एवढाच आहे की कहाणी खरी असून संगीतात जर ती जागा केलेली नसेल तर कहाणीचा उपयोग शून्य. डीएसबीएमच्या निम्म्या बँडांची कहाणी खरीच असेल. आजारी माणसं आहेतच त्यात.

कोलाहल:

हे पटलं. आणि उलटही आहे, बनवून आणलेली परिस्थितीसुद्धा खरं काहीतरी बाहेर काढते. सन या बँडच्या २००५ च्या ब्लॅक वन अल्बमसाठी झास्थर या एकट्याच्या बँडच्या मॅलेफिकला शवपेटीत झोपवलं, पेटी शववाहिकेत ठेवली आणि आत माइक देऊन गायला लावलं. त्याला बंद जागेची भीती. कल्पना म्हणून किती फिल्मी! पण श्वास ऐका, तो गातोय की फक्त बाहेर पडायची वाट बघतोय ते कळत नाही. तिथे नाटक आणि भीती वेगळी करताच येत नाही.

खोटेपणाचं खरं उदाहरण हवं तर घोस्ट बाथ हा बँड. पहिला अल्बम चिनी लेबलने काढला, बँड चोंगचिंगचा म्हणून सांगितलं जायचं, नावं नाहीत, चेहरे नाहीत, गाण्यात शब्द नाहीत नुसतं विव्हळणं. २०१५ च्या आसपास उघड झालं की पोरं अमेरिकेतल्या उत्तर डकोटाची. मूनलव्हर अल्बम तसा सुरेल आहे, मी अजून ऐकते. पण उत्तर डकोटा! मैलोन्मैल सपाट, उणे तीस थंडी, तेलाच्या विहिरी, मधे एखादं गाव. याच्यापेक्षा भकास आणखी काय पाहिजे होतं यांना? हातात होतं ते सोडून चीन कशाला उसना आणला?

एकटाच_बँड:

हे वाचून जरा पोटात गोळा आला म्हणून लॉगिन केलं. मी डोंबिवलीचा, वय २२, एकट्याचाच प्रोजेक्ट आहे, डेमो तयार आहे अजून टाकला नाही. कव्हरवर बर्फातली पाईनची झाडं आहेत, फ्री फोटो साइटवरून घेतलेली. बर्फ मी फ्रीजरमध्येच पाहिलाय. सुरुवातीला पाऊस पण आहे, तो यूट्यूबवरून घेतलाय, खिडकीतून घेतला असता पण बाहेर बांधकामाचा आवाज येतो. निशाचर दादा तुम्ही जी यादी दिलीत ना वरती ती म्हणजे माझाच डेमो आहे. पण जे लिहिलंय ते खरं आहे हो, शेवटच्या वर्षाला ड्रॉप लागला त्या वेळचं आहे, घरी कोणाशी बोलत नव्हतो. मग आता काय करू, फेकून देऊ का? ओरडायला घरी येत नाही, आई आजी दोघी असतात, म्हणून व्होकल्स मामाच्या वॅगनआरमध्ये बसून पार्किंगमध्ये केलेत, काचा वर करून, फोनचा इअरफोन माइक लावून, मग भरपूर रिव्हर्ब टाकला नाहीतर फार गाडीतल्यासारखं वाटतं.

जुनाखोंड:

अरे मग गाडीतल्यासारखं वाटू दे की!

कोलाहल:

थांब थांब. फेकू बिकू नकोस. तुला कळतंय का तू काय लिहिलंयस? वर निशाचरने हेडसेटचा माइक लिहिला त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तू इअरफोनच्या माइकवर गायलायस तर तुला लाज वाटतेय. फरक इतकाच की तू नंतर घाबरून त्यावर रिव्हर्ब ओतलास म्हणजे तो कोणाच्याही जंगलातला वाटावा. तो रिव्हर्ब काढून पाठव बघू. बंद गाडीत आवाज एकदम कोरडा आणि जवळ येतो, सीटचं कापड सगळं पिऊन टाकतं, प्रतिध्वनी नाही काही नाही. असा कोरडा, कानाशी आलेला आवाज असलेलं डीएसबीएम मी तरी फारसं ऐकलेलं नाही, आणि दहा मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये काचा वर करून ओरडणारा माणूस मला पाईनच्या झाडांपेक्षा जास्त दिसतो.

निशाचर_ठाणे:

+१. पाऊस काढ. बांधकामाचा आवाज चालेल, पण पावसाऐवजी आता बांधकाम असं ठरवून नको.

गोट्या_गोठेनबर्ग:

आणि पाईन काढून त्या जागी हरिश्चंद्रगडावरचं धुकं टाकू नकोस प्लीज. 'इंडियन' वाटावं म्हणून तानपुरा पण नको. एका साच्यातून निघून दुसऱ्यात जाशील, फक्त हा साचा परदेशी ब्लॉगवाल्यांना जास्त आवडेल. तू गडावर जाऊन दुःखी झालेला नाहीस, डोंबिवलीत झालायस.

एकटाच_बँड:

तानपुरा होता एका गाण्यात 😭 काढतो. शब्द इंग्लिश आहेत ते मराठी करू का? कोणाला कळणार तर नाहीतच तसेही.

कोलाहल:

ज्या भाषेत त्या वेळी डोक्यात चालू होतं त्या भाषेत ठेव. शायनिंग स्वीडिशमध्ये गातो, बेथलेहेम जर्मनमध्ये, आपल्याला त्यातलं अक्षर कळत नाही तरी ऐकतो. पण खरं सांगू, किंचाळताना व्यंजनं मरतात, आ आणि ए तेवढे टिकतात, तर ओळी लहान ठेव आणि लांबवायचा शब्द स्वरावर संपेल असं बघ. आणि हे पाणीपुरीसाठी पण: शब्द कळणारं हवं असेल तर वॉर्निंगचा वॉचिंग फ्रॉम अ डिस्टन्स ऐक, इंग्लंडचा बँड, २००६, पाचच गाणी. ओरडणं नाही, पॅट्रिक वॉकर सरळ गळ्याने गातो, प्रत्येक शब्द कळतो. रंगरंगोटी नाही, सैतान नाही, नातं तुटल्याचं दुःख, बस. गिटारच्या रिफमध्ये नवीन म्हणाल तर काहीच नाही, सॅबथच्या घराण्यातलंच आहे. तरी तसा दुसरा अल्बम नाही.

निशाचर_ठाणे:

हे तू माझ्याविरुद्ध टाकलंस ना मुद्दाम :) साचा जुना आणि अल्बम एकमेव. पण मी साच्यावर नव्हतो चिडलो, साचा पुढे करून मागे लपणाऱ्यांवर चिडलो होतो. वॉकर कशाच्याच मागे लपत नाही, आवाज फाटतो तिथे फाटू देतो. डूममध्ये लपायला जागाही कमी असते, एवढं संथ वाजवलं की प्रत्येक चूक उघडी. ट्रेमोलो आणि रिव्हर्बच्या भिंतीमागे काहीही खपतं, म्हणून डीएसबीएममध्ये भरताड जास्त.

पाणीपुरी_विदाउट_पुरी:

वॉर्निंग लावलं. पहिलं गाणं पूर्ण ऐकलं. शब्द कळले. ऑफिसात ऐकायला नको होतं.

मम्मटाचा_मठ:

हाल्मस्टाड ऐकला, मुलगा शेजारी बसून माझा चेहरा बघत होता. द्वेषाचं तुम्ही म्हणालात ते आहे, पण मधे ती संथ गिटार येते तिथे हा माणूस श्रोत्याचा द्वेष विसरून वाजवण्यात रमलेला दिसतो. तेवढ्या जागांपुरता अभिनवगुप्त लागू. बाकीच्याचं नाव मला सुचत नाही.

एकटाच_बँड:

रिव्हर्ब काढून ऐकलं. खूप उघडं वाटतंय, स्वतःचा आवाज ऐकवत नाही. एका टेकमध्ये वॉचमन काचेवर टकटक करतो आणि मी मधेच थांबतो, तो टेक बाकी सगळ्यात चांगला आहे, तो भाग कट करू की ठेवू?

जुनाखोंड:

ठेव. तुझ्या ड्रम मशीनपेक्षा वॉचमन टेम्पोत असेल.

कोलाहल:

ठेव, पण एका गाण्यात एकदाच, नाहीतर पुढच्या वर्षी बँडकॅम्पवर दहा जण वॉचमन घेऊन येतील. आणि ड्रमचे सगळे ठोके एकाच जोराने वाजतायत का बघ, व्हेलॉसिटी खालीवर कर, हातानेच कर, रँडमाइझ दाबू नकोस.

निशाचर_ठाणे:

स्टेम्स पाठव मला, वेव्हमध्ये, एमपीथ्री नको. व्होकल आणि ड्रम्स वेगळे. शनिवारी सुट्टी आहे, बसतो. कव्हरचं नंतर बघू.